आठ दिवसांची उसवण

छावणीच्या मागच्या फाटकासमोर गणवेश शिवणाऱ्यांची पाच दुकानं होती. त्यातल्या तिसऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीला चिकटून, बिल्लेबाई बसायच्या. कापणं, शिवणं, बटणं लावणं हे सगळं पुढच्या खोलीत, दिराच्या राज्यात चालायचं. बाईंकडे यायचे ते फक्त खांदे, कॉलर आणि टोप्या. त्यांवर जे तारे, तलवारी आणि पानांच्या वेली जरीने भरायच्या असतात, त्या गेली एकतीस वर्षं बाई भरत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी सुई हातात दिली होती, ती नवरा गेल्यावरही सुटली नाही. लोक बिल्लेबाई म्हणायचे आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. खरं नाव सरकारी कागदावर होतं, तिथे ते सुखात होतं.

एकतीस वर्षांत सरकार चार वेळा उलथलं. शाळेच्या पुस्तकात या चार वेळांना क्रांती, पुनर्रचना, शुद्धीकरण आणि पुन्हा क्रांती अशी भारदस्त नावं आहेत. बाईंच्या लेखी सगळ्या उसवणी होत्या. पहिल्या वेळी राजा गेला, म्हणून चौदाशे बिल्ल्यांवरचे मुकुट उसवले. दुसऱ्या वेळी पाच टोकांचा तारा कुणाला तरी परका वाटला, म्हणून सहा टोकांचा झाला. तिसऱ्या वेळी, एरवी फक्त सर्वांत वरच्या हुद्द्याला असणारी पानांची वेल सगळ्यांच्याच बिल्ल्यांवर आली. चौथ्या वेळी बाकीच्यांची वेल गेली आणि तारा पुन्हा पाच टोकांचा झाला, तेव्हा बाईंनी पत्र्याच्या पेटीच्या तळातून जुना खाका काढला, झटकला आणि वापरला. पहिल्या वेळी त्या घाबरल्या होत्या, दुसऱ्या वेळी चिडल्या होत्या. त्यानंतर नुसता कंटाळा येत गेला, आणि तो कंटाळा आता अंगात मुरला होता. उसवलेल्या जागी कापडाला भोकं राहतात, ती बुजवण्यात निम्मा जन्म गेला असं त्या म्हणायच्या.

दीर मात्र मोठा हौशी माणूस. सगळे त्याला मास्तर म्हणत. प्रत्येक नव्या सरकारचं भाषण तो टेप गळ्यात अडकवून, उभं राहून ऐकायचा.

"वहिनी, सरकार पडलं तरी मी लावलेलं बटण कधी पडलेलं नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई हसल्या होत्या.

तर त्या महिन्याच्या चौदा तारखेला, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, एक कर्नल दुकानात आला. बाईंना पहिलं खटकलं ते हे, की तो स्वतः आला. कर्नल लोक स्वतः येत नाहीत, शिपायाबरोबर टोपी-बिल्ल्यांचा डबा पाठवतात. दुसरं खटकलं ते त्याचे साधे कपडे. मास्तर पुढे होऊन "या साहेब, बसा साहेब" करायला लागला, तर साहेब त्याला ओलांडून सरळ मागच्या खोलीत आले आणि त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

कागदावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी होत्या, भोवती गोल वेल, वर तीन तारे. अख्ख्या सैन्यात हा बिल्ला एकाच माणसाच्या खांद्यावर असतो, आणि तो माणूस त्या वेळी राष्ट्रप्रमुखांच्या शेजारी बसून रोज पेपरात दिसत होता.

"आमचे एक मामा आहेत, निवृत्त," कर्नल म्हणाला. "फार मोठे होते त्यांच्या काळात. वाढदिवसाला भेट द्यायचीय. भिंतीवर लावायला."

"एकच करू ना मग?" बाईंनी विचारलं.

"दोन जोड्या करा. एक कोटासाठी, एक रोजच्या शर्टासाठी."

भिंतीवर लावायच्या मामांना रोजचा शर्ट कशाला हवा, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी पट्टीची लांबी विचारली. कर्नल जरा घुटमळला, मग म्हणाला, "साधारण माझ्याएवढीच त्यांची अंगलट आहे." बाईंनी त्याच्याच खांद्यांची मापं घेतली. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता आणि ते त्याला ठाऊक होतं, कारण माप घेताना त्याने तो हळूच वर उचलला.

"तेवीस तारखेला लागतील. चोवीसला उपयोग नाही," तो जाताना म्हणाला.

तो गेल्यावर बाई बराच वेळ सुईत दोरा ओवत बसल्या.

हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. तिसऱ्या वेळची गोष्ट. एक ब्रिगेडियर असाच येऊन असाच बिल्ला सांगून गेला होता, तेव्हा त्याने आजोबांचं नाव पुढे केलं होतं. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी मन लावून काम केलं, वेलीचं एक पान नाजूक जमलं म्हणून मास्तरला बोलावून दाखवलंसुद्धा. आठवड्याने दुपारी टीव्हीवर बँड वाजला, आणि तोच ब्रिगेडियर देशाला शिस्तीबद्दल चार शब्द सांगताना दिसला. खांद्यावर ते पान होतं. मास्तर ओरडला होता, "वहिनी, आपला माल!" त्याच दिवशी प्रसारण केंद्राच्या फाटकावर पहाऱ्याला असलेली दोन मुलं मारली गेली. त्यातला एक समोरच्या न्हाव्याचा थोरला. न्हावी अजून तिथेच दुकान चालवतो, पण तेव्हापासून त्याने रेडिओ लावलेला नाही.

त्यावरून बाईंना दोन गोष्टी कळल्या होत्या. सरकार पाडणारा माणूस बाकी काही विसरेल, पण कॅमेऱ्यासमोर जुना बिल्ला लावून बसणार नाही. आणि असल्या कामात पहिल्यांदा प्रसारण केंद्राचं फाटक घेतात, राजवाड्याचं नंतर.

आता त्या फाटकावर त्यांचा मुलगा होता.

तो सहा फुटांचा होता आणि घरात त्याला बारक्या म्हणत, कारण जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढाच होता. सक्तीच्या सैनिकी सेवेत त्याला आठ महिने झाले होते. एकेका तुकडीला चाळीस दिवस फाटकाची ड्यूटी असते आणि मग बदली. बारक्याची बदली पुढच्या महिन्याच्या एक तारखेला होती. बाईंनी बोटांवर मोजलं. तेवीस ते एक, मधे आठ दिवस.

त्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या बरॅकीत फोन लावला. तो यायला वेळ लागला आणि आला तो तोंडात काहीतरी चघळतच.

"चार दिवस सुट्टी काढून घरी ये," बाई म्हणाल्या.

"कशाला? कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. मला बरं वाटत नाहीये."

"आत्ताच म्हणालीस कोणी नाही."

"मग पोट दुखतंय असं सांग तू."

"आई, इथे पोट दुखलं तर गोळी देतात आणि फाटकावरच उभं करतात," तो हसत म्हणाला. "काय झालंय काय तुला?"

बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या आपल्या मुलाला ओळखून होत्या. त्याच्या पोटात काही राहत नाही. लहानपणी बापाच्या वाढदिवसाची भेट त्याने तीनदा आधीच सांगून टाकली होती. त्याला सांगितलं असतं तर दिवस मावळायच्या आत सगळ्या बरॅकीला कळलं असतं, आणि मग ते कुठून कुठे गेलं असतं, कुणाला ठाऊक. बाई म्हणाल्या, "काही नाही. जेवतोस ना नीट?" आणि फोन ठेवला.

वरती जाऊन सांगावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण वरती म्हणजे कुठे? सुरक्षा खात्याचा मेजर महिन्यातून एकदा टोपी घेऊन यायचा आणि तो कोणाच्या बाजूचा, हे त्याच्या टोपीवर भरलेलं नसायचं. तिसऱ्या वेळी एका कारकुनाने इमानेइतबारे आपल्या साहेबाला कटाची खबर दिली होती. साहेबच कटात होता. त्या कारकुनाचं पुढे काय झालं, ते कोणी मोठ्याने बोलत नाही. बाईंनी कानाला खडा लावला होता.

बरं, सांगून तरी कोणासाठी सांगायचं? आत्ताचं सरकार राहावं असं बाईंना वाटत नव्हतं आणि जावं असंही वाटत नव्हतं. चार सरकारांचे तारे भरून झाल्यावर पाचव्याबद्दल माणसाला काय वाटणार? त्यांना फक्त आठ दिवस हवे होते.

आणि आठ दिवस त्यांच्या हातात होते. उलट्या बाजूने पाहिलं तर देशात त्या घडीला तेवढी एकच गोष्ट कोणाच्या तरी नक्की हातात होती.

या कामाला वेळ किती लागतो हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आधी खाका टाचणीने टोचून कापडावर खडूची भुकटी झाडायची. मग पुठ्ठ्याची तलवार कापून बसवायची, तिच्यावर पिवळ्या दोऱ्याची भर घालायची, म्हणजे ती उठून दिसते. मग गुंडाळलेल्या पोकळ तारेचे गव्हाएवढे तुकडे कापून, एकेक ओवून, मेण लावलेल्या दोऱ्याने शेजारी शेजारी बसवायचे. एक तुकडा तसूभर लांब पडला तर पातं वाकडं दिसतं. दिव्याच्या उजेडात जर फसवते, म्हणून हे काम दिवसाच करायचं. बाईंनी ठरवलं असतं तर चारही बिल्ले अठरा तारखेला तयार होते. खरं म्हणजे एकोणीसला ते तयार झालेही. पत्र्याच्या पेटीत, मलमलीच्या फडक्यात गुंडाळून बाईंनी ते ठेवून दिले आणि चौकटीवर नवं कापड ताणून एक पाचवा, वाकडा बिल्ला भरायला घेतला.

हा पाचवा बिल्ला भरणं फार जड गेलं. तीस वर्षं हात सरळ चालायला शिकवलेला, त्याला वाकडं चालवायचं म्हणजे स्वतःशीच भांडण. दोनदा त्यांनी नकळत पातं सरळच भरलं आणि मग उसवून पुन्हा वाकडं केलं.

तेवीस तारखेला कर्नल आला. बाईंनी चौकट त्याच्यापुढे धरली.

"हे बघा. डाव्या खांद्याची तलवार. मूठ खाली उतरलीय."

कर्नलने वाकून पाहिलं. "मला तर ठीक दिसतंय."

"लांबून ठीकच दिसतं," बाई म्हणाल्या. "जवळून बघणाऱ्याला कळतं."

कर्नल सरळ झाला. जवळून बघणारा म्हणजे कोण, हे त्या खोलीत कोणी बोललं नाही, पण त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं ते बाईंना दिसलं. त्याने डावा खांदा वर उचलला.

"किती दिवस?"

"उसवून पुन्हा भरायचं म्हणजे तीन दिवस धरा."

बाईंनी त्याच्यादेखत कात्री घातली. जरीचे तुकडे चौकटीवर सांडले. कर्नल शेवटचा तुकडा पडेपर्यंत बघत राहिला आणि मग गेला. तो नाक्यावर वळल्यावर बाईंनी सांडलेले तुकडे वेचून डबीत भरले.

सव्वीस तारखेला जर काळी पडली होती. आता बाईंकडची जर पंचवीस वर्षांत काळी पडलेली नव्हती, पण एक तुकडा त्यांनी गंधकाच्या धुरीत धरून मुद्दाम करून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "ही असली लावली तर महिन्याभरात तलवार गंजल्यासारखी दिसेल. मामांना काय वाटेल?" नवी जर दुसऱ्या गावाहून यायची होती. मास्तर मधेच म्हणाला, "वहिनी, कपाटात वरच्या फळीवर एक रीळ आहे ना?" दिराला जन्मात पहिल्यांदा सामान कुठे ठेवलंय ते आठवलं, तेही नेमकं आज. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बटणं मोजायला पुढे निघून गेला.

एकोणतीसला कर्नल बसलाच नाही. दारातच उभा राहिला. तो वाळला होता, दाढी नीट झालेली नव्हती. आठवडाभर झोप नसलेल्या माणसाचा चेहरा होता तो. बाईंनाही झोप नव्हती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि क्षणभर बाईंना त्याची कीव आली. याचीही कुणी आई असेल, तिला यातलं काही ठाऊक नसेल.

"बाई, जे आहे ते द्या," तो म्हणाला. "वाकडं असेल तर वाकडं."

"देते की. पण एकच खांदा झालाय."

"काय चाललंय तुमचं?" त्याचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला हेच वाईट होतं. "तुम्हाला कोणी काही सांगितलंय का?"

बाईंनी सुई चौकटीत टोचून ठेवली.

"साहेब, वय झालं," त्या म्हणाल्या. "डोळे पूर्वीसारखे चालत नाहीत. पाचातल्या कुठल्याही दुकानात जा आणि विचारा, हे काम दुसरं कोणी करतं का. करत असेल तर त्याला द्या, मला राग नाही. एक तारखेला दुपारी मात्र माझ्याकडून चारही मिळतील. त्यात फरक नाही."

दुसरं कोणी करत नाही हे त्याला माहीत होतं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मनात काहीतरी जुळवलं. "एक तारीख," तो म्हणाला. "दुपारी."

आता पुढे पुस्तकं लिहिली जातील, आणि त्या आठ दिवसांच्या उशिराला कोणी इंधनाचं कारण देईल, कोणी दोन सेनाधिकाऱ्यांमधल्या मतभेदाचं, कोणी परदेशी वकिलातीचं. तसं असेलही. कट बिल्ल्यांसाठीच अडला होता असं बाईंनी कधीच छातीठोकपणे सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणत, की तो माणूस मी पाहिला होता.

एक तारखेला सकाळी अकराला त्यांनी फोन लावला. या वेळी बारक्या लगेच आला.

"झाली का रे बदली?"

"झाली. दहाला ड्यूटी सोपवली. आता भांडारात आहे, ब्लँकेटं मोजतोय. लेकाची धूळ केवढी इथे."

"मोज," बाई म्हणाल्या. "नीट मोज." त्यांच्या जिवात जीव आला. दुकानदाराच्या स्टुलावर त्या जरा वेळ बसून राहिल्या.

बारक्याच्या जागी फाटकावर कोण उभं राहिलं, हा विचार बाईंच्या मनात आलाच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. फाटक काही रिकामं सोडत नाहीत. स्टुलावर बसल्या बसल्याच तो विचार आला आणि त्यांनी तो परतवला. ज्याची त्याची आई आहे, ती तिचं बघेल, असं काहीतरी त्या मनाशी म्हणाल्या. मग दुकानात परतल्या, पेटी उघडली, फडकं सोडलं आणि मास्तरला हाक मारली, "साहेबांना निरोप द्या, माल तयार आहे."

कर्नलने बिल्ले खिडकीपाशी नेऊन पाहिले. तलवारी सरळ होत्या. त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सुंदर."

"मामांना सांगा, वरून इस्त्री फिरवू नका म्हणावं," बाई म्हणाल्या.

चार तारखेला, शुक्रवारी, दुपारी दीड वाजता लोक जेवायला बसले असताना टीव्हीवर बँड वाजला. मास्तर घास टाकून उभा राहिला. कर्नल देशाला सांगत होता की संयमाची सीमा झाली होती. बाईंनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. कॅमेरा खरंच खूप जवळ होता. मास्तर या वेळी "आपला माल" म्हणाला नाही. त्याने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि टेप गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"वहिनी, मामा बरेच तरुण दिसतात," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की सत्तांतर अत्यंत शांततेत पार पडलं आणि प्रसारण केंद्राच्या फाटकावर गैरसमजातून एक जवान दगावला. बाईंनी पान वाढून घेतलं होतं, ते झाकून ठेवलं.

आठ तारखेला दिवसाची संचारबंदी उठली आणि बारक्या घरी आला. बूट दारातच काढले, हातपाय धुतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. बाईंनी ताट वाढलं. त्याने चार घास खाल्ले आणि हात थांबवला. बाईंनी ग्लासात पाणी ओतलं, तेही त्याने तसंच ठेवलं.

"पाहुणा गेला," तो म्हणाला.

"कोण पाहुणा?"

"माझ्या जागी आला होता तो. नवीनच होता, चार दिवसांचा, म्हणून सगळे पाहुणा म्हणायचो. मीच त्याला ड्यूटी सोपवली. चांगला अर्धा तास समजावत होतो. फाटकाची खालची बिजागरी अडते, तिला लाथ मारायची. साहेबांची गाडी दोनदा हॉर्न देते. चौकीचं छप्पर डावीकडे गळतं, तर डबा तिथे सरकवायचा. सगळं सांगितलं."

बाई समोर बसल्या.

"काय झालं माहितीये? समोरून चिलखती गाडी आली, तर याने हात वर करून थांबवली आणि पास मागितला." बारक्याने ताटाकडे पाहिलं. "नियमाच्या पुस्तकात तसंच आहे. येणाऱ्या वाहनाला थांबवून पास मागावा. त्याने काल-परवाच पाठ केलं होतं."

बाई म्हणाल्या, "तू असतास तर..."

"मी असतो तर काही झालं नसतं."

"असं कसं म्हणतोस?"

"अगं, तूच नाही का सांगितलंस? मी निघालो त्या दिवशी. फाटकावर गाड्या आल्या तर बंदूक जमिनीवर ठेवायची, कडी काढायची आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. कोणाचं सरकार ते नंतर बघू."

बाईंना ते आठवलं. तो तेव्हा पलंगाखाली वाकून मोजा शोधत होता आणि त्याने साधं हूंसुद्धा केलं नव्हतं. ऐकतोय कुठे माझं, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला होता.

"तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं म्हणजे काय, मी रोज तेच ठरवून उभा राहायचो. कडी कुठल्या हाताने काढायची तेसुद्धा." तो थांबला. "पाहुण्याला हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्याला आई नाही, मामाकडे वाढलेला. आणि मला कुठे माहीत होतं, की याच आठवड्यात..."

पुढे दुकानात मास्तरचं मशीन चालू होतं, ते बंद पडलं. बारक्या बाईंकडे पाहायला लागला. त्या फोनबद्दल तो विचार करतोय हे त्यांना दिसत होतं. पोट दुखतंय म्हण. झाली का रे बदली. मोज, नीट मोज.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

एकतीस वर्षांत बाईंनी खूप जणांपुढे कानावर हात ठेवले होते. आता ते हात उचलेनात.

"हो," त्या म्हणाल्या. "चौदा तारखेपासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगितलं असतंस. त्या पाहुण्यालाही."

बारक्याने ताट बाजूला सारलं.

"हो," तो म्हणाला. "सांगितलं असतं."